केस मऊ, पातं पोलादी. मग बोथट कोण होतं?

आमच्या इंदूरच्या मराठीत दाढी 'बनवतात'. पुण्याचा मामेभाऊ आला की हमखास हसतो. "दाढी करतात रे. बनवतात माणसाला." पूर्वी मी वाद घालायचो. मग मावसबहिणीच्या लग्नाआधी आठवडाभर मी पाच पात्यांचा एक चकचकीत रेझर विकत आणला आणि मला खरोखरच कोणीतरी बनवलं. लग्नाच्या दिवशी गळ्यावर लाल पुटकुळ्यांची माळ होती. फोटोत शेरवानीची कॉलर हनुवटीपर्यंत ओढून उभा असलेला तो मीच.

रामबागेत ज्यांच्याकडे बाबा गेली तीस वर्षं दाढीला जातात, त्या सलूनवाल्या काकांना गळा दाखवला. त्यांनी आरशातूनच बघितलं आणि म्हणाले, "भिया, एक ही जगह पाँच बार काटोगे तो चमड़ी क्या बोलेगी?" पुढे खुर्ची मागे पाडून त्यांनी माझी दाढी केली. वस्तऱ्यात एका साध्या पात्याचा अर्धा तुकडा होता, त्याची किंमत रुपया-दोन रुपयांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी गळा शांत होता. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न फिरत राहिला: पाच पात्यांना जे जमलं नाही ते अर्ध्याला कसं जमलं? उत्तर शोधताना लक्षात आलं की त्यातला फार थोडा भाग पात्यात आहे. बाकीचा पाण्यात, साबणात आणि हाताच्या कोनात.

आधी केस समजून घेऊ. दाढीचा केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाची जुडी. आत बारीक तंतू एकमेकांना धरून बसलेले, बाहेर कौलारू छपरासारखी एकावर एक खवल्यांची साल. कोरडा असताना हा केस चिवट असतो, कारण आतल्या तंतूंना जागोजागी हायड्रोजनचे बंध बांधून ठेवतात. केसात पाणी शिरलं की ते या बंधांच्या मध्ये घुसतं आणि जुडी सैल पडते. साबुदाण्याची खिचडी करणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. कोरडा दाणा दाताखाली खडा लागतो, भिजलेला दोन बोटांत चिरडतो. दाणा तोच, फक्त पाणी आत गेलं. पूर्ण भिजलेला केस जाडीने सुमारे पंधरा टक्के फुगतो, आणि तो कापायला लागणारा जोर बराच कमी होतो.

अडचण एवढीच की साबुदाण्यासारखाच केसही लगेच भिजत नाही. चेहऱ्यावर तेलाचा पातळ थर असतो, तो आधी जायला हवा. मग दोन-तीन मिनिटं पाणी टिकून राहायला हवं. घाईत आपण तोंडावर पाणी मारतो, ते ओघळून जातं आणि आपण लगेच पातं लावतो. काका मात्र आधी गरम पाण्यात पिळलेला रुमाल ठेवतात, मग ब्रश फिरवत राहतात आणि तेवढ्या वेळात क्रिकेटवर बोलून घेतात. मला वाटायचं, गिऱ्हाईक रमवण्यासाठी चाललंय. त्या गप्पांतच केस भिजत असतो.

फेसाचं काम पाणी धरून ठेवण्याचं आहे. साबणाच्या बारीक बुडबुड्यांच्या भिंतींमध्ये पाणी अडकून राहतं, ओघळत नाही, आणि पातं सरकायला निसरडी वाटही तयार होते. दाढीचा चांगला साबण स्टिअरिक आम्ल (तेल-चरबीतून मिळणारं) आणि पोटॅश (पोटॅशियमचा क्षार) यांपासून केलेला असतो. आंघोळीच्या वडीत सोडा असतो. पोटॅशचा साबण मऊ राहतो, पाण्यात लवकर विरघळतो, त्याचा फेस दाट होतो आणि टिकतो. डब्यातून फुस्स करून येणारा फेस दिसायला भरपूर, पण त्यात दाबाखाली भरलेला वायू जास्त आणि पाणी कमी. घरी फेस कितपत जमलाय हे बघायचं असेल तर श्रीखंड आठवा. चक्क्याइतका घट्ट नको, ताकासारखा पातळही नको. ब्रश उलटा धरला तर पडू नये आणि चेहऱ्यावर लावला की ओला चमकावा.

इथे आमच्या शहराची एक खोड सांगायला हवी. मालव्याचं पठार काळ्या बेसाल्टचं. त्यातून वर येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंच असतं. हे दोघे साबणाला धरतात आणि न विरघळणारा चोथा करतात. बादलीच्या काठावर जो पांढरट, चिकट थर बसतो तो हाच. म्हणजे साबणाचा मोठा हिस्सा फेस होण्याआधीच खर्ची पडतो. १९७८ पासून इंदूरला जलूदहून नर्मदेचं पाणी वर चढवून आणलं जातं, आणि ते बोअरच्या मानाने पुष्कळ सौम्य आहे. आमच्या घरी दोन्ही नळ आहेत. एकाच साबणाने, एकाच ब्रशने नर्मदेच्या पाण्यात वाटी भरून फेस येतो आणि बोअरच्या पाण्यात दह्याच्या निवळीसारखं काहीतरी. ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे त्यांनी पिण्यासाठी आरओ यंत्रातून क्षार काढलेल्या पाण्यातलं वाटीभर घ्यावं. दाढीला तेवढं पुरतं.

वाटीभर पाण्यावरून आठवलं. जिलेट कंपनीने २०१० साली भारतात एका पात्याचा, पंधरा रुपयांचा एक रेझर आणला. त्याआधी भारतासाठी केलेला एक रेझर त्यांनी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर तपासला होता. त्या पोरांकडे धो-धो वाहणारा नळ होता. इथे लोक भांड्यातल्या पाण्यात रेझर बुडवून झटकतात, आणि तेवढ्याने पात्यांमध्ये अडकलेले केस निघेनात. मग माणसं भारतात पाठवून लोक दाढी कशी करतात हे बघितलं, तेव्हा कुठे एका पात्याचा, सहज धुता येणारा रेझर सुचला. आमच्या काकांना कोणी विचारलं असतं तर विमानाचं भाडं वाचलं असतं.

आता ब्रश. यात हातकाम किती असतं हे मला माहीतच नव्हतं. ब्रशचे केस साधारण तीन जातींचे: बिळात राहणाऱ्या बॅजर नावाच्या प्राण्याचे, डुकराचे आणि कृत्रिम. चांगल्या ब्रशमधल्या केसाचं टोक कधीही कात्रीने कापलेलं नसतं. निसर्गतः केस टोकाकडे निमुळता होत जातो, आणि गालाला मऊ लागतं ते तेच टोक. म्हणून कारागीर केसांची मोजून घेतलेली जुडी टोकं खाली करून एका गोल साच्यात उभी करतो, ठोकून ठोकून तिला घुमटाचा आकार देतो, मग मुळाकडून दोऱ्याने आवळून गोंदात बसवतो. आकार द्यायचा तो खालून, वरून छाटून नाही. स्वस्त ब्रशमध्ये उलट होतं: आधी जुडी बांधायची, मग कात्रीने गोल करायची. अशी कापलेली टोकं सुईसारखी टोचतात. दुकानात ब्रश कोरडाच तळहातावर दाबून बघा, टोचला तर परत ठेवा. डुकराच्या केसाची गंमत अशी की तो नवा असताना राठ असतो, पण वापरता वापरता टोकाला फाटे फुटतात आणि वर्षभरात मऊ होतो. तो आधी थोडा वेळ पाण्यात भिजत ठेवावा लागतो. आमच्या ब्रशचे केस कशाचे हे मी आजीला अजून सांगितलेलं नाही. ज्यांना हा पेचच नको त्यांच्यासाठी हल्लीचे कृत्रिम ब्रश खरंच चांगले आहेत, आणि वाळतातही लवकर.

वाळवणं महत्त्वाचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात घाईघाईने बनवलेल्या, नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांना अँथ्रॅक्स, म्हणजे जनावरांकडून येणारा जीवघेणा रोग, झाल्याची नोंद आहे. आज ती भीती नाही, पण ओला ब्रश डबीत बंद करून ठेवण्याची सवय वाईटच.

इतकं झाल्यावर पातं. बाजारातलं दोन धारांचं पातं साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं, पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम. धार केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी बारीक. आणि केस? पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. तरी पाच-सहा दाढ्यांत पातं ओढायला लागतं. आपली समजूत अशी की विहिरीच्या काठाचा दगड जसा रहाटाच्या दोराने झिजत जातो, तसंच पातंही झिजत असणार. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हे नीट तपासलं. त्यांच्यातल्या जानलूका रोशोली यांनी आधी स्वतःच दाढ्या केल्या आणि दर वेळी पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. धार गुळगुळीत झिजलेली फारशी नव्हती. तिला टवके उडाले होते, चहाच्या कपाच्या कडेला उडतात तसे. टवक्याचा आकार केसाच्या जाडीच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका.

मऊ केस पोलादाला टवका कसा उडवतो? तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. एक, केस सरळ न कापला जाता वाकलेला असतो, त्यामुळे तो धारेला नुसता समोरून नाही, बाजूलाही ढकलतो. दोन, पोलाद वरून एकसारखं दिसलं तरी आत कुठे कडक कण, कुठे जरा मऊ जागा असते. तीन, केसाची कड नेमकी अशा कडक-मऊ सीमेवर पडते. मग जोर त्या एका बिंदूवर एकवटतो आणि तिथून बारीक चीर सुटते. हे रोज प्रत्येक केसाला होत नाही, पण चेहऱ्यावर केस हजारो आहेत. या सगळ्यात आपल्या हातात असलेली गोष्ट पहिली. केस जितका कोरडा आणि ताठ, पात्यावरचा जोर तितका जास्त. म्हणजे भिजवण्याने गालही वाचतो आणि पातंही. पातं पुसून कोरडं ठेवलं की ते जास्त टिकतं, हे मात्र जुन्या कार्बन पोलादाच्या काळातलं ज्ञान. तेव्हा गंज हा खरा शत्रू होता. १९६२ मध्ये तलवारी घडवणाऱ्या लंडनच्या विल्किन्सन स्वोर्डने न गंजणारी पाती बाजारात आणली आणि तो प्रश्न बराचसा मिटला.

पातं इतकं पातळ असणं ही काही पूर्वापार गोष्ट नाही. त्याआधी वस्तरा होता, आणि हत्यार म्हणून मला अजूनही तोच सगळ्यात देखणा वाटतो. इंग्लंडचं शेफिल्ड आणि जर्मनीचं सोलिंगन ही त्याची माहेरघरं. 'सोलिंगन' हे नाव कोणी पात्यावर कोरावं याला तर जर्मनीत १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. वस्तऱ्याची पाठ जाड आणि धार पातळ. दोन्ही बाजू गोल चाकावर घासून आतून खोलगट केलेल्या असतात. गंमत अशी की पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणात धारेचा कोन आधीच ठरलेला असतो. निसण्यावर पाठ आणि धार दोन्ही टेकवली की कोन आपोआप बरोबर येतो, डोळ्याने मोजायची गरज नाही. घडवणाऱ्याने तो कोन पोलादातच लिहून ठेवलेला असतो. मग चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे अशी ओढायची. पट्टा धार काढत नाही, वाकलेली धार सरळ करतो. बाबांच्या लहानपणी सलूनच्या खुर्चीला लटकलेला तो पट्टा आता दिसत नाही. एड्स आणि कावीळ यांची भीती पसरली तसा आपल्याकडच्या बहुतेक सलूनांतला जुना वस्तरा गेला, आणि पातं बदलता येणारा आला. काका पातं कागदातच ठेवून मधून मोडतात, कट्ट आवाज येतो, आणि तो आवाज गिऱ्हाइकाला ऐकू येईल अशा बेताने मोडतात.

ते मोडता येणारं पातं किंग कॅम्प जिलेट यांच्या डोक्यातून आलं. कल्पना सोपी होती: धार लावायचीच नाही, फेकून द्यायची. पण इतक्या पातळ पत्र्याला कडक करून धार लावणं तेव्हाच्या पोलादवाल्यांना अशक्य वाटत होतं. एमआयटीत शिकलेल्या विल्यम निकरसन या अभियंत्याने यंत्रं तयार करून ते शक्य केलं. १९०३ मध्ये, पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर होता. पेटंटही त्याच वर्षीचं, १५ नोव्हेंबर १९०४.

पातळ पातं लवचिक असतं, आणि लवचिक पातं केसाला लागलं की थरथरतं. यावरचा उपाय रेझरच्या डोक्यात आहे. कागदाचा तुकडा एका टोकाने धरा, लोंबेल. तोच मधे जरा वाकवून धरा, ताठ उभा राहील; कागदावर पोहे खाणाऱ्या इंदुरी माणसाला हे हाताला माहीत असतं. रेझरचं वरचं झाकण पात्याला असंच कमानीत वाकवून घट्ट आवळतं. कमान नेमकी आणि दोन्ही बाजूंना सारखी असेल तर पातं हलत नाही आणि दाढी गुळगुळीत होते. इथेच स्वस्त आणि चांगल्या रेझरमधला फरक दिसतो. स्वस्त रेझर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला आणि वरून क्रोमचा मुलामा दिलेला. स्क्रूच्या आट्यांवरचा मुलामा गेला की ओल आत शिरते. माझा पहिला असाच एके दिवशी स्क्रूपाशी मोडून बेसिनमध्ये पडला. पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा यंत्रावर कापून केलेला रेझर महाग पडतो, पण बहुधा एकदाच घ्यावा लागतो. पाती मात्र कोणतीही चालतील. पाचांचं पाकीट साधारण एका प्लेट पोह्यांच्या भावात येतं, तीन-चार जाती आणून आपल्या गालाला विचारावं.

मग पाच पात्यांचं काय? कल्पना हुशार आहे. पहिलं पातं केसाला पकडून कापताना तो किंचित बाहेर ओढतं; तो परत आत जायच्या आत मागचं पातं त्याला आणखी खाली कापतं. १९७१ मध्ये दोन पात्यांपासून हे सुरू झालं, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. पण कापलेलं टोक कातडीच्या खाली गेलं आणि केस कुरळा असेल, तर वर येताना तो वळून कातडीतच घुसतो. शरीर त्याला काट्यासारखं वागवतं: लाली, सूज, पुटकुळी. माझ्या गळ्यावरचे केस तिरके-तारके वाढतात, त्यामुळे मला हे भोवलं. सरळ केसांच्या माणसाला पाच पात्यांनी बहुधा काही होणार नाही, आणि त्याने माझं ऐकून सोडावं असंही नाही.

काकांचा हात बघा म्हणजे बाकीचं कळेल. डाव्या हाताने कातडी ताणलेली, म्हणजे खड्डा-उंचवटा राहत नाही. पातं गालाशी साधारण तीस अंशांत. त्याहून आडवं झालं तर केस न कापता सरकतं, उभं झालं तर कातडी खरवडतं. जोर जवळजवळ शून्य. पहिला हात केसाच्या दिशेने. मग ते विचारतात, "उल्टा मारूँ?" उलटा हात म्हणजे केसाच्या विरुद्ध दिशेने, गाल काचेसारखा होतो, पण केस कातडीखाली कापला जाण्याचा धोका परत येतो. गालावर चालतो, गळ्यावर मी नको म्हणतो.

शेवटी तुरटी. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवून गाळ खाली बसवायची तीच. तिच्यातलं अॅल्युमिनियम तिथे मातीच्या तरंगत्या कणांना एकत्र करून खाली बसवतं, आणि गालावर बारीक कापलेल्या जागेतल्या प्रथिनांना गोठवून रक्त थांबवतं. ओल्या चेहऱ्यावर फिरवायची, अर्धं मिनिट थांबून धुवायची. कुठे झोंबलं ते नीट बघावं, कारण तिथेच आपण जोर दिलेला असतो. पहिले काही दिवस मला डाव्या जबड्यावरच झोंबायचं. आरशात बघितलं तर तिथे हात वळवताना माझं मनगट वर उचललं जात होतं. मालव्याच्या कोरड्या थंडीत वरून अल्कोहोलवालं सुगंधी पाणी मारू नये, कातडी ताणते. थेंबभर खोबरेल पुरे.

राहता राहिलं वापरलेलं पातं. जुन्या अमेरिकन घरांत न्हाणीघराच्या भिंतीला एक चीर ठेवलेली असायची; पाती तिच्यातून आत टाकायची, ती भिंतीच्या पोकळीतच साचत राहायची. आमच्याकडे कचरा सहा भागांत वेगळा करून द्यावा लागतो. आई वापरलेली पाती एका जुन्या औषधाच्या बाटलीत घालते, झाकण चिकटपट्टीने बंद करते, आणि बाटली भरली की सकाळी गाडी गाणं वाजवत आली की घातक कचऱ्याच्या खणात स्वतः नेऊन टाकते. गेली बाटली भरायला दीड वर्ष लागलं.